भिवंडीच्या लेण्यातली कोपऱ्यातली बाई

मी एसटीत कंडक्टर होते. जन्म गेला प्रवासात, पण बघितलं काहीच नाही. ज्या गावाला गाडी जायची तिथल्या स्टँडवर चहा प्यायचा, नोंद करायची आणि उलट्या पावली परत. त्यामुळे रिटायर झाल्यावर बायका काशी-रामेश्वर करून येतात आणि सांगत बसतात, तेव्हा मी आपली गप्प. आज सांगतेय ती माझी पहिली सहल. अर्ध्या दिवसाची. आणि तीही परक्या मुलखातली नव्हे, माझ्या माहेरची, भिवंडीची.

तुमच्यापैकी कुणी मुद्दाम भिवंडीला जाईल असं मला वाटत नाही. गेलात तर बायपासवरून, कंटेनरच्या मागं गाडी रेटत, नाक दाबून. भिवंडी म्हटलं की लोकांना लूम आठवतात, गोदामं आठवतात, खड्डे तर आठवतातच. बुद्ध कुणाला आठवत नाही. पण खाडीतून गलबतं माल घेऊन यायची त्या काळापासून या मुलखात भिक्खू राहिलेत. डोंगर फोडून त्यांनी लेणी केली, तळ्याकाठी स्तूप बांधले. आता कुठं एक खांब उरलाय, कुठं नुसती जागा. हे सगळं दाखवणारी एक सहल निघते, रविवारी सकाळी निघून दुपारी जेवून परत, असं भाचीनं मोबाइलवर शोधून काढलं आणि माझं नाव माझ्या भावाच्या नावाबरोबर टाकून दिलं.

भाऊ म्हणजे अरुण. माझ्यापेक्षा धाकटा. सगळी हयात भिवंडीत लूमवर गेली. त्याला काचबिंदू झालाय. हा मेला आजार असा गपचूप येतो की माणसाला वाटतं घरातले दिवे मंद झालेत. कडेकडेनं नजर खात येतो. अरुणला कळलं ते लूमवर तुटलेला धागा दिसेना तेव्हा. कापड डागी निघायला लागलं, शेठनं आधी समजावलं आणि मग त्याला लूमवरून काढून सुताच्या कांड्या भरायला बसवलं. आता त्याला मधोमध तेवढं दिसतं, पाइपातून बघावं तसं. तेही टिकेल याची डॉक्टर खात्री देत नाहीत. औषध घालत राहा म्हणतात.

वैशाखात त्याचा फोन आला. इकडचं-तिकडचं काही नाही, सरळ म्हणाला, "ताई, येतेस का? लेण्यात जाऊ. एकदा आईला बघून घेतो."

हे नीट सांगायला हवं. आमची आई गेली तेव्हा अरुण नुकता चालायला लागला होता आणि मी पहिलीत की दुसरीत. आईचा फोटो नाही. एकसुद्धा नाही. आमच्यासारख्यांच्या घरी तेव्हा फोटो लग्नात निघाला तर निघाला. अरुण मोठा होऊन विचारायला लागला की आई कशी दिसायची, तर बाबांना काही सांगता यायचं नाही. बोलण्यात कच्चा माणूस. मग एका बुद्धपौर्णिमेला त्यांनी आम्हाला पांढरे कपडे घातले, स्वतः घातले आणि लेण्यात नेलं. लेण्याच्या पडवीत भिंतीवर एक भलामोठा कोरीव पट आहे. राजाचा दरबार, हत्ती, चवऱ्या ढाळणारी माणसं. आणि अगदी खाली कोपऱ्यात एक बाई बसलीय. तिनं एका पोराचा हात धरलाय आणि मान वळवून मागं बघतेय. तोंड झिजून गेलेलं. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता गुळगुळीत दगड. बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले आणि अरुणला म्हणाले, तुझी आई अशी मान वळवायची.

झालं. तेव्हापासून ती बाई आमची आई. दर पौर्णिमेला वंदना झाली की सगळे केळी-खीर खायला बसायचे आणि अरुण कोपऱ्यात जाऊन बसायचा. तोंड नव्हतं त्याचा त्याला उपयोगच झाला. तो आपल्याला हवं तसं तोंड तिथं बसवायचा. दहावीला नापास झाला तेव्हा आई रागावलेली दिसली, असं त्यानंच मला सांगितलंय. पुढं बाबा गेले, माझं लग्न सिन्नरला झालं, त्याला रात्रपाळ्या लागल्या आणि लेणं सुटलं. भाचीनं तिच्या बापासाठी मोबाइलवर फोटो शोधले. लेण्याचे ढीगभर होते, पण सगळे आत बसलेल्या देवीचे आणि देवीपुढं हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसांचे. कोपऱ्यातल्या बाईचा फोटो कोण कशाला काढेल?

हो, त्या लेण्यात देवी आहे. आमच्या बाबांच्याही आधीपासून. गावकरी देवीला हळदकुंकू वाहायचे, आम्ही बुद्धाला फुलं वाहायचो, कुणाचं कुणाला अडायचं नाही. गावाचं नाव मात्र मी इथं लिहिणार नाही. नाव लिहिलं की माणसं कळतील, आणि ज्या माणसाबद्दल मला सांगायचंय त्याच्या दारात उद्या कुणी भांडायला जावं असं मला वाटत नाही. मी स्वतः भांडून आले तेवढं पुष्कळ झालं.

कोन

कल्याण-भिवंडी रस्त्यावर कोन गावापाशी गाडी येणार होती. आम्ही रिक्षानं वेळेआधी जाऊन उभे. माझी जुनी सवय, गाडी माझ्यासाठी थांबलेली मला चालत नाही. अरुणनं पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा. ऊन सकाळीच चटके द्यायला लागलेलं.

गाडी आली ती एक पांढरी इको, आणि ती चालवणारा माणूस हाच आमचा गाइड. तात्या म्हणतात त्याला. साठीचा, अंगानं दणकट, गळ्यात सोन्याची चेन, पायात साधी स्लिपर. आगरी. बापजाद्यांची भातशेती होती, तिच्यावर आता गोदामं उभी आहेत आणि तात्या भाड्यावर सुखात आहे. रिकामा वेळ खायला उठतो म्हणून जुन्या दगडांचा नाद लागला. "समदा बुद्धाचाच मुलूख हाय यो," त्यानं बसल्या बसल्या सांगून टाकलं, आणि तेही अशा आवाजात की जसं काही बुद्ध त्याच्या भावकीतला होता. मला माणूस आवडला. खोटं कशाला बोलू.

गाडीत ठाण्याचं एक जोडपंही होतं, दोघं बँकेतून रिटायर झालेली. त्यांच्या गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोप्या, आणि पाण्याच्या बाटल्या इतक्या की जणू वाळवंटातच निघालेत. तात्यानं सगळ्यांना आधी एका टपरीवर उतरवलं आणि उसळ-पाव खायला लावला. आमच्या सिन्नरकडे मिसळ म्हणजे रश्श्याची आणि तर्रीची, इथं उसळ बेताची आणि पाव मात्र लुसलुशीत, भट्टीतून नुकता आलेला. टपरीवाल्याशी तात्या मराठीत सुरू व्हायचा आणि वाक्य संपेपर्यंत हिंदीत पोचायचा. टपरीवालाही तसाच, उलट्या दिशेनं.

तात्यानं अरुणला विचारलं, दादा, तुमाला याचा नाद कधीपासून? अरुण म्हणाला, लहानपणी यायचो, डोळे आहेत तोवर परत बघून घ्यावं म्हटलं. आईचं काही बोलला नाही. मीही बोलले नाही. अशा गोष्टी पहिल्या चहाला सांगायच्या नसतात.

तळ्याकाठी

पहिला मुक्काम खारबावच्या बाजूला एका तळ्यावर. तळं आटत आलं होतं, म्हशी चिखलात बसल्या होत्या. पिंपळाखाली पारावर दगड मांडलेले. एक खांबाचा तुकडा, एक कमळ कोरलेली फळी, आणि एक गोल घुमटासारखा दगड. तात्या म्हणाला, हा छोटा स्तूप, कुणी भाविकानं फेडलेला नवस असणार. आता गावातल्या बाया त्याला महादेव समजून पाणी घालतात. ठाण्याच्या बाईंनी तोंड वाकडं केलं. मला त्यात वाकडं करण्यासारखं काही दिसलं नाही. उन्हाचा दगड, कुणी पाणी घालतंय, घालू दे.

अरुण दगड बघत होता तो कोंबडी दाणा बघते तसा, मान इकडं करून, तिकडं करून. त्याच्या पाइपात एका वेळी कमळाची एकच पाकळी मावत होती. मग त्यानं बघणं सोडून हात फिरवला आणि बोटांनी पाकळ्या लावून पाहिल्या. उन्हानं दगड तापला होता तरी हात काढीना.

मी विचारलं, हे सगळं इथं पारावर कसं आलं? तर तात्यानं सांगितलं, तळ्यातून. एका कडक उन्हाळ्यात तळं पार आटलं तेव्हा गाळात हे दगड मिळाले. आणि तळ्यात कसे गेले? त्याला या प्रश्नाचं नवल वाटलं. आमच्यात खंडित देव पूजत न्हाय, तो म्हणाला. नाक तुटलं, हात तुटला की मूर्ती पाण्यात सोडायची. पूर्वीच्या लोकांनी सोडल्या. तुटका देव घरात ठेवला तर घराला लागतो, आणि गावात ठेवला तर गावाला.

आमच्या घरात देवच नाहीत त्यामुळे तुटण्याचा प्रश्न आला नाही. पण सासरच्या शेजारणी असंच म्हणतात, म्हणून मी मान हलवली आणि गाडीत जाऊन बसले. त्या बोलण्याचं मला पुढं एवढं काही भोगावं लागेल हे मला कुठं माहीत होतं.

दापोडे

दुसरं ठिकाण म्हणजे एक लहान लेणं. एका टेकडीत दोन खोल्या, भिक्खूंना पावसाळ्यात राहायला. तिकडं जाताना दापोड्याची गोदामं लागतात. लागतात म्हणजे संपतच नाहीत. निळे पत्रे, निळे पत्रे, मध्येच एक लाल पत्रा. ट्रेलर आडवे लागलेले, क्लीनर लुंग्या वाळत घालतायत. तात्या गाडी चालवता चालवता बोट दाखवत होता, हितं आमचा कोलम भात व्हायचा, यो चुलत्याचा गुरांचा वाडगा. मला दिसलं ते एका मोठ्या कंपनीचं शटर.

अरुणला मी सगळं सांगत होते. कंडक्टरचा गळा आहे, स्टॉप पुकारायची सवय. तो हसला आणि म्हणाला, छोड ना ताई, गोदाम काय बघायचं, मी त्यातच राहतो.

टेकडीपाशी पोचलो तर टेकडीच अर्धी नव्हती. दगडाची खाण. तारेचं कुंपण, आत जेसीबी, आणि सगळीकडे पांढरी धूळ. रखवालदार परभणीकडचा होता. आत सोडायचा हुकूम नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. तात्यानं लांबूनच दाखवलं, तो जेसीबी दिसतोय ना, त्याच्या मागं व्हतं. गेल्या दिवाळीपर्यंत एक खोली व्हती. ठाण्याच्या साहेबांनी जेसीबीचा फोटो काढला. दुसरं करणार काय?

 म्हटलं, आपलं लेणं तरी जागेवर असेल ना? तात्याला विचारलं, तर तो जोरात हसला. म्हणाला, ते आमच्या गावाचं हाय, ताई. आमच्या आईच्या डोंगराला हात लावायची कुणाची टाप न्हाय. असं चकाचक ठेवलंय की बघत राहाल.

मला इतकं बरं वाटलं की मी त्याला पिशवीतले शेंगदाण्याचे लाडू दिले.

लेणं

पूर्वी पायवाट होती. आता पायऱ्या आहेत, स्टीलचं रेलिंग आहे, खाली कमान आहे. म्हाताऱ्या माणसांची सोय झाली, अरुणचीही झाली. त्यानं डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि एकदाही न ठेचकाळता वर आला. चैत्रातली जत्रा होऊन महिनाच झाला होता, पताका अजून लटकत होत्या. वर पोचता पोचता मला वास आला. ऑइल पेंटचा.

पडवीत पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी थांबले.

सगळा पट रंगवला होता. राजा पिवळा, त्याचा मुकुट सोनेरी. हत्ती पांढरा, त्यावर लाल झूल. सेवकांची अंगं गुलाबी, धोतरं निळी. नुसता रंग असता तरी मी कपाळावर हात मारून गप्प बसले असते, रंग खरवडता येतो. पण जिथं जिथं दगड झिजला होता तिथं सिमेंट होतं. प्रत्येकाला नवं नाक. नवे ओठ. काळेभोर मोठे डोळे, सगळे एकाच मापाचे, कॅलेंडरवरच्या देवासारखे. मी कोपऱ्याकडं बघायचं टाळलं. माझ्या मनात एवढंच की अरुणला इथून कसं परत फिरवावं. बरं वाटत नाही म्हणू? चक्कर आली म्हणू?

तेवढ्यात तो माझ्या मागून म्हणाला, "ताई, केवढं लख्ख दिसतंय गं!"

 त्याचा चेहरा असा फुलला होता की मी कित्येक वर्षांत तसा पाहिला नव्हता. डोळ्यांनी अधू माणूस, त्याला फिकट दगडावरची फिकट रेघ दिसत नाही. हा भडक रंग दिसला. हत्ती दिसला म्हणाला. राजा दिसला म्हणाला. पूर्वीपेक्षा चांगलं दिसतंय, म्हणाला, माझे डोळे सुधारले की काय! आणि भिंतीला हात लावत लावत तो सरळ कोपऱ्याकडं निघाला. मी अडवलं नाही. 

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. मान इकडं केली, तिकडं केली. पाइप नेमका तिच्या तोंडावर आणला आणि मग तो हलेना.

तिला आता तोंड होतं. गुलाबी. लाल ओठ, कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकात सिमेंटची नथ आणि नथीवर पांढऱ्या रंगाचे मोती. मागं वळलेल्या मानेवर तोंड बसवणं गवंड्याला जमलं नसणार. त्यानं मानेची खाच सिमेंटनं बुजवून टाकली होती आणि तोंड समोर केलं होतं. ती आता मागं बघत नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत होती, डोळे वटारून.

अरुणनं हात वर केला. आधी तिच्या गालावर ठेवला, मग गळ्यावर, मग खांद्यावर, परत गळ्यावर. उन्हाळ्यानं मऊ पडलेल्या रंगाचा चिकटपणा त्याच्या बोटांना लागला. तो शोधत होता. मग माझ्याकडं तोंड करून, पण मी जिथं उभी होते तिथं न बघता, त्यानं विचारलं, "ताई, मान कुठाय?"

मागं ठाण्याच्या बाई म्हणत होत्या, किती छान मेंटेन केलंय हो. मी तात्याकडं वळले आणि माझा तोल सुटला. पंचवीस वर्षं फुकट्या प्रवाशांना उतरवून कमावलेला आवाज आहे, तो सगळा मी त्या माणसावर काढला. कोणी केलं हे, म्हटलं, कुणाच्या हाताला रोग आला होता? हजारो वर्षं जे टिकलं त्याची तुम्ही बाहुली केलीत? तात्या आधी गोंधळला, मग त्याला वाईट वाटलं. तो चिडला नाही. चिडला असता तर मला बरं पडलं असतं. तो म्हणाला, मीच केलं. नातू तापानं फणफणला होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती. देवीला नवस बोललो की पोऱ्या वाचला तर तुझ्या दारातल्या समद्या माणसांना नाक-डोळे देईन. इतकी वर्षं बिचारी तुटकी उभी. भिंत काय पाण्यात सोडता येते? मग दुरुस्त करायची. आडगावचा चांगला गवंडी आणला, मंदिरं करणारा. पोऱ्या वाचला. जत्रेत सगळं गाव बघायला आलं.

आणि मग तो, अगदी मनापासून, मला समजवायला म्हणून म्हणाला, "ताई, आपलीच आई अशी नाक-डोल्यांशिवाय बसली असती, तर तुमाला बघवलं असतं का?"

मी काही बोलणार इतक्यात अरुण खालूनच बोलला. त्याचा हात अजून तिच्या गळ्यावर होता. "आम्हाला तशीच हवी होती, तात्या," तो म्हणाला. "ती आमची आईच होती."

तात्याच्या घरी

जेवण सहलीतच होतं, तात्याच्या घरी. मी जाणार नव्हते. पण उन्हात डोंगरावरून दुसरी गाडी कुठं मिळणार, आणि ठाण्याच्या जोडप्यालाही भूक लागली होती. त्यांना बिचाऱ्यांना काय झालंय ते नीट कळलंही नव्हतं. उतरताना मी तात्याला आईचं सगळं सांगितलं, तुटक तुटक, रागारागानं. 

घर मोठं, फरशी गार, ओटीवर झोपाळा. तात्याच्या बायकोनं तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, पातळ, पापुद्रा सुटलेल्या. आमच्याकडची बाजरीची भाकरी दातांनी तोडावी लागते, ही बोटांत मोडत होती. सोबत कोलंबीचं कालवण आणि सुक्या बोंबलाची चटणी. एरवी मी तीन भाकऱ्या हाणल्या असत्या. आता घास तोंडात फिरत होता. तो वाचलेला नातू आतल्या खोलीत टीव्ही बघत होता, त्याचं हसू ऐकू येत होतं. त्या हसण्यावर राग धरायला गेले, तर तेही जमेना.

अरुण सावकाश जेवत होता. ताटात काय कुठं आहे हे तात्याची बायको त्याला सांगत होती, भाऊ, उजवीकडं चटणी हाय, जपून, तिखट हाय. तात्या स्वतः जेवला नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मग एकदम म्हणाला, "काढू का त्ये, दादा? उद्याच गवंड्याला बोलावतू. गाव काय बोलायचं ते बोलू दे. तुमच्या आईवरचा समदा शिमिट काढून टाकतू."

अरुणचा हात ताटात थांबला. मी बघत होते, त्याच्या चेहऱ्यावर परत तो सकाळचा उजेड आला. माझ्याही मनात आलं की हो, का नाही? सिमेंटच तर आहे. छिन्नीनं हळूहळू काढलं तर खाली ती असेलच की, तशीच, मान वळवलेली. माणूस मरतं, दगड कुठं मरतो? मला त्या तात्याच्या पायाला हात लावावासा वाटला. मी म्हटलं, खालचा दगड तसाच आहे ना पण?

तात्यानं बायकोकडं बघितलं. ती खाली बघायला लागली.

"टाचे मारलेत," तो म्हणाला. "गुळगुळीत दगडावर शिमिट धरत न्हाय, ताई. गवंड्यानं आधी समदीकडं टाचे मारून घेतले. मान तर पार तासलीच, तोंड फुडं करायला."

ज्यांच्या घरी कधी बांधकाम झालंय त्यांना टाचे म्हणजे काय ते सांगायला नको. जुन्या भिंतीला नवा गिलावा लावायचा तर आधी छिन्नी-हातोडीनं तिला खाचा पाडतात, जागोजाग, देवीच्या रोगाचे वण असलेल्या माणसाच्या तोंडासारखी करून टाकतात. तसं त्यांनी तिला केलं होतं. आता सिमेंट काढलं तरी खाली कोणी नव्हतं.

 अरुणनं उरलेली भाकरी खाल्ली, ताटात काही टाकलं नाही. हात धुतल्यावर तात्याच्या बायकोला म्हणाला, वहिनी, कालवण छान होतं. तात्या रडत होता. मी जन्मात एवढी हतबल झाले नव्हते. ज्याला शिव्या घालाव्यात असा एक तरी माणूस समोर हवा होता, आणि समोर होता तो हा.

परत

तात्यानंच आम्हाला अरुणच्या दारात सोडलं. सगळ्यालाच उशीर होऊन सांज व्हायला आली होती. गल्लीत दुसऱ्या पाळीचे लूम सुरू झाले होते, खटाखटा खटाखटा, बोलायचं तर वरच्या पट्टीत बोलावं लागतं. भाची अजून ड्युटीवरून आली नव्हती. मी चहा टाकला. अरुण पलंगावर भिंतीला टेकून बसला होता, डोळ्यांत औषध घातलं होतं म्हणून मिटलेले. औषधाचं पाणी गालावर आलं होतं. का दुसरं काही होतं, मी विचारलं नाही.

तो म्हणाला, डोळे मिटले की तीच दिसते. नथवाली. इतकी वर्षं मिटले की दुसरी दिसायची, आता कितीही ओढून आणली तरी नाही येत. मी म्हटलं, आजच पाहिलीस ना, ताजं आहे, होईल पुसट. तो कसंनुसं हसला. "ऑइल पेंट आहे ताई," म्हणाला. "आणि आता याच्यानंतर मला दुसरं काही दिसायचंही नाही."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, फडक्यानं पुसलं, परत येऊन त्याच्याजवळ बसले. त्यानं माझा हात धरला. म्हणाला, तू तर मोठी होतीस. तू खरी बघितलीयस तिला. आजवर मी कधी तुला विचारलं नाही, माझी माझ्यापाशी होती म्हणून. आता तू सांग. नाक कसं होतं, डोळे कसे होते, सगळं सांग, मी ते धरून ठेवतो.

मी डोळे मिटले. चुलीपाशी बसलेली ती मला आठवते, तिचा हिरवा पदर आठवतो, तिनं माझी वेणी ओढून घट्ट बांधलेली आठवते. मी तिला म्हटलं, आई, इकडं बघ. तिनं बघितलं. गुलाबी तोंड, लाल ओठ, नाकात नथ. आमच्या आईनं नथ कधी बघितलीसुद्धा नव्हती.

"सांग ना," अरुण म्हणाला. तो डोळे मिटून, माझा हात धरून, वाट बघत होता.